नम्रता टीचरांचं दुखणं

माडवणे गावात संध्याकाळी सातला शाळेची घंटा वाजते. ती अभ्यासाची घंटा नव्हे, मोबाईल बंद करण्याची. सात ते साडेआठ या वेळात गावात कुणी मोबाईलला हात लावायचा नाही. पोरांनी पुस्तकं उघडावीत, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावं, आणि ज्यांचं एकमेकांशी पटत नाही त्यांनी निदान ओटीवर येऊन बसावं, असा ठराव ग्रामसभेत झालेला आहे. ठराव मांडला होता नम्रता टीचरांनी. या टीचर माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतात, आणि त्यांचा आवाज असा आहे की नववीच्या वर्गात त्या 'शांत बसा' म्हणाल्या तर बाहेर नारळ पाडायला माडावर चढलेला पाडेलीही क्षणभर हात थांबवतो.

ठराव म्हणजे कागद आणि कागदाला पळवाटा असतात, हे ओळखून टीचरांनी तो रवळनाथाच्या कानावरही घातला. म्हणजे गावचे मानकरी दाजी गावकर यांनी देवळात उभं राहून रीतसर गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरांनी दीड तास मोबाईल सोडूचो नेम केललो आसा, तो पाळूची बुद्धी सगळ्यांका दी रे म्हाराजा," आणि जमलेल्या गावाने वाक्यावाक्याला 'व्हय म्हाराजा' ठोकलं. झालं. ग्रामसेवकाला फसवता येतं, पण देवासमोर 'व्हय म्हाराजा' म्हटल्यावर माघार नाही. सातनंतर मुंबईहून कुणी चाकरमान्याने फोन केला, तर एक बाई त्याला फोन बंद असल्याचं पुन्हा पुन्हा गोड आवाजात सांगायची. एका वर्तमानपत्रात टीचरांचा फोटोही आला. त्यात त्या घंटेची दोरी धरून उभ्या होत्या आणि खाली 'मोबाईलमुक्तीची मशाल' असं छापलं होतं.

आता ही मशाल सात ते साडेआठ काय करत असे, ते सांगितलंच पाहिजे. ती माळ्यावर बसून मोबाईलवर लढाई खेळत असे.

सुरुवात अगदी सद्हेतूने झाली होती, एवढं टीचरांच्या बाजूने म्हणता येईल. नववीतल्या एका मुलाच्या जप्त केलेल्या मोबाईलवर त्यांना 'गडझुंज' नावाचा खेळ सापडला. शत्रूशी लढायचं तर आधी त्याचा अभ्यास हवा, म्हणून त्यांनी तो आपल्या मोबाईलवर घेतला. पाच जण या बाजूला, पाच जण त्या. प्रत्येकाला एक गड, थोडं सैन्य, धान्याचं कोठार आणि विहीर. आपलं राखायचं, दुसऱ्याचं घ्यायचं. टीचरांना वाटलं होतं नुसती धडाधड मारामारी असेल. बघतात तर काय, डोंगर कुठला, खिंड कुठली, पाणी कुठून कुठे जातं, हे ज्याला कळतं तो जिंकतो! सबंध नोकरी नकाशे शिकवण्यात गेलेल्या बाईला असा नकाशा पहिल्यांदाच भेटला, ज्याच्याकडे बघून कुणी जांभई देत नव्हतं. अभ्यास सुरू झाला तो संपेचना.

शिवाय वेळही आयती मिळाली. माडवण्यात मोबाईलचा मनोरा एकच, देवळामागच्या टेकडीवरचा, आणि तो एरवी गावातल्या सगळ्या रिकामटेकड्यांचे व्हिडिओ ओढता ओढता मेटाकुटीला आलेला. पण सातची घंटा झाली, सगळ्यांचे मोबाईल बंद झाले, की गावातलं सगळं नेटवर्क एकट्या टीचरांच्या दारात येऊन उभं राहायचं. हे त्यांनी ठरवून केलं नव्हतं हो. नशिबाने दिलं, त्यांनी घेतलं. 'वह्या तपासूच्या आसत' म्हणून त्या माळ्यावर चढत आणि खाली सासूबाई सावित्री येणाऱ्याजाणाऱ्याला दटावत, "गलबलो करू नकात. वयर आमची नम्रता वह्या तपासता." त्या वर्षी नववीच्या वह्यांवरचे शेरे बरेच आटोपशीर झाले होते, पण त्याबद्दल नववीची तक्रार नव्हती.

खेळात टीचरांनी नाव घेतलं होतं 'तांडेल'. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, हे किनाऱ्यावर पोरालाही कळतं. बाकीचे खेळाडू सैन्य घेऊन सुसाट धावत सुटायचे; तांडेल आपल्या गडावर धान्य आणि पाणी राखून बसायचा आणि समोरचा दमला की हळूच बाहेर पडायचा. हा संयम बघून देवगडच्या मदिहाने त्याला आपल्या संघात घेतलं. मदिहा कॉलेजात शिकणारी, संघाची कप्तान. फोंडाघाटचा मितेश आणि आणखी दोघे तिच्या हाताखाली. ही चौघं खेळताना कानात इअरफोनची बोंडं घालून आरडाओरडा करायची. तांडेल कधीच बोलायचा नाही, फक्त 'थांबा' किंवा 'आता' असं लिहायचा. त्यामुळे तो वयस्कर गृहस्थ असावा असं सगळ्यांनी धरलं होतं. मितेशचा तर पक्का अंदाज होता की तांडेलभाई जहाजावरच्या नोकरीतून निवृत्त झालेत.

इथवर सगळं ठीक होतं. पण हे खेळ काही माळ्यावर राहणारे उरले नव्हते. कुडाळात ज्या नाक्यावर काल-परवापर्यंत टेनिस बॉल क्रिकेटचे बॅनर लागायचे, तिथे आता मोबाईल हातात धरलेल्या पोरांचे बॅनर झळकू लागले. 'जिल्हास्तरीय गडझुंज चषक' जाहीर झाला. मदिहाचा संघ एकेकाला लोळवत थेट अंतिम फेरीत गेला, आणि चषक भरवणाऱ्या मंडळाची नियमावली आली. अंतिम सामना शनिवारी संध्याकाळी सात वाजता. घरून खेळता येईल, पण कॅमेरा चालू हवा, कारण कुडाळच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर खेळाडूचा चेहरा आणि खरं नाव दिसणार. पाचांतला एक जरी नसला तर संघ बाद. आणि ई-स्पोर्ट्स हाही आता खेळच असल्यामुळे प्रत्येकाने सरकारी डॉक्टरांकडून शारीरिक तंदुरुस्तीचा दाखला आणावा.

टीचरांनी ते वाचलं आणि मोबाईल पालथा घातला. मोठा पडदा! खरं नाव! मशालीखाली एवढा अंधार आहे हे जिल्ह्याला दिसलं, तर उद्यापासून नववीत 'शांत बसा' कुणाला म्हणायचं? सातची घंटा कुठल्या हाताने वाजवायची? संघाला 'जमणार नाही' असं त्या लिहिणार, एवढ्यात मदिहाचा आवाजी निरोप आला. "भाई, एक सांगूचा होता. मी बाबाक कबूल केलंय, ही स्पर्धा जिंकलव नाय तर ह्यो नाद सोडतलंय. तुमी पाठचो गड सांभाळतास म्हणान मी पुढे जातंय. शनिवारी आसास मा?"

टीचरांनी बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, 'आहे.' पोरगी हुशार होती. असं एखादं पोरगं वर्गात असतं तर भूगोलाचे तास गोड झाले असते, असं त्यांना वाटलं. मग दाखल्यासाठी त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या.

केंद्रात लातूरकडचे एक तरुण डॉक्टर नवीन आले होते. त्यांनी विचारलं, "कोणता खेळ खेळता, मॅडम?"

"बैठा," टीचर म्हणाल्या. सरकारी जागेत शिरल्याबरोबर त्यांची भाषा पुस्तकी व्हायची.

"बुद्धिबळ?"

"त्याच कुळातला."

ज्या बाईने वीस वर्षं मुलांच्या थापा चेहऱ्यावरून ओळखल्या, तिला स्वतः थाप मारायची सवय नव्हती. हृदय धडधडू लागलं आणि नेमकं त्याच वेळी डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून त्यांनी भुवया चढवल्या. "रक्तदाब बराच आहे. असा दाखला देता येणार नाही. दोन दिवसांनी परत या." दोन दिवसांनी टीचर परत गेल्या आणि पट्टा नुसता बघूनच त्यांचा रक्तदाब आणखी चढला. तिसऱ्या खेपेला त्यांनी दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं खरं सांगून टाकलं. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "तांडेल? तुम्ही ते तांडेल? अहो, मागच्या महिन्यात तुम्ही माझा गड पाडलात!" रक्तदाब आपोआप खाली आला, दाखला मिळाला, आणि ही गोष्ट कुणाला सांगणार नाही असं डॉक्टरांनी वचन दिलं.

हे वचनच नडलं. शेजारच्या शेवंतीकाकी गुडघ्याच्या गोळ्या न्यायला त्याच केंद्रात येत. टीचर पुन्हा पुन्हा आलेल्या त्यांनी बघितल्या. शेवटच्या खेपेला दार बंद झालेलंही बघितलं. टीचर गेल्यावर त्या आत घुसल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "आमच्या टीचरांका काय झाला?" डॉक्टरांनी गंभीर चेहरा केला. "ते मी कुणालाही सांगू शकत नाही, काकी. त्यांनी तसं सांगितलंय."

शेवंतीकाकींना आणखी काय पाहिजे होतं? त्या गुडघे विसरून घरी पोचल्या. संध्याकाळपर्यंत टीचरांचं दुखणं माडवण्याच्या सगळ्या वाड्यांवर फिरून आलं. वरच्या वाडीत ते हृदयात होतं, खालच्या वाडीत मूत्रपिंडात गेलं, आणि बंदरावर पोचेपर्यंत त्याचं नावही घ्यायची सोय राहिली नाही. मग सल्ल्यांना भरती आली. कुणी गुळवेल आणून दिली, कुणी कुळथाचं कळण. कुणी गोव्याच्या डॉक्टरचा पत्ता दिला, तर कुणी तोच डॉक्टर कसा बोगस आहे ते सांगून दुसऱ्याचा दिला. शेवंतीकाकी रोज येऊन टीचरांचे डोळे खाली ओढून बघत आणि "पांढरे पडलेत हां" म्हणून पेज पिऊन जात.

"काकी, माका काय झालेला नाय," टीचर कळवळून सांगत.

"तसाच सांगतत सगळी," काकी म्हणत. "माझ्या नणंदेचो घोवय तसाच सांगी होतो."

या सगळ्यात टीचरांना खरा त्रास झाला तो त्यांच्या यजमानांचा. ओमकार पंचायत समितीत कारकून. भांडण नाही, तंटा नाही, कौतुकही फारसं नाही, असा साधा संसार. त्या आठवड्यात ते काही न विचारता भांडी घासू लागले. सकाळी टीचरांच्या आधी उठून चहा करू लागले, आणि तो चहा इतका वाईट होता की तो प्रेमानेच केलाय हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. एकदा टीचर मागीलदारी कपडे वाळत घालत असताना ते येऊन नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "काय जरी आसला तरी मी आसंय गो." टीचरांच्या हातातला चिमटा खाली पडला. आत्ताच्या आत्ता सगळं सांगून टाकावं असं त्यांच्या ओठांवर आलं. पण ओमकार म्हणजे सरळ माणूस. त्यांना कळलं की दाजींना कळणार, दाजींना कळलं की गावाला. शनिवार एकदा जाऊ दे, असं म्हणून त्यांनी तोंड मिटलं. आणि मग स्वतःचीच लाज वाटून त्यांनी तो वाईट चहा दोनदा मागून घेतला.

शुक्रवारी दाजी गावकर स्वतः घरी आले. सोवळ्यातला माणूस, बोलण्यात वजन. "टीचर, गावान ठरवला. तुमच्या नावान देवाक गाऱ्हाणा घालूचा. उद्या सांजचे सात."

"सात?" टीचर किंचाळल्याच.

"सातच बरे. त्या वक्ताक सगळी मोकळी आसतत. तुमचीच कृपा ती."

सासूबाईंनी लगेच पदर डोळ्यांना लावला. ओमकार नारळ आणायला उठले. ज्या सात वाजताची टीचरांनी एवढ्या कष्टाने सोय करून ठेवली होती, त्याच सात वाजता आता कुडाळच्या पडद्यावर त्यांची लढाई आणि माडवण्याच्या देवळात त्यांचं गाऱ्हाणं, दोन्ही एकदम उभं राहिलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. देवाला नाही कोण म्हणणार?

शनिवारी टीचरांनी सातची घंटा वाजवली, मोबाईल फुलांच्या परडीत घातला, त्याला नारळाला टेकवून उभा केला, वर जास्वंद पसरली आणि एक बोंड केसांखालून कानात सरकवलं. देऊळ टेकडीच्या पायथ्याशीच, म्हणजे नेटवर्कची चिंता नव्हती. सभामंडपाच्या कडेला उभं राहायचं, सगळ्यांच्या माना खाली गेल्या की परडीत बोटं घालायची, असा त्यांचा बेत होता. पण ज्याचं गाऱ्हाणं त्याला कडेला कोण उभं करतं? दाजींनी त्यांना थेट देवासमोर, सगळ्या गावाच्या नजरेत उभं केलं. उजवीकडे ओमकार, डावीकडे सासूबाई, पाठीला शेवंतीकाकी.

कानात मदिहाचा आवाज आला. "तांडेलभाई, तुमचो कॅमेरो... ह्या काय? माका नारळ दिसता. आणि नारळापाठी एक बाई दिसता." मग ती म्हणाली, "भाई, ती बाई तुमीच काय?"

टीचरांनी परडीकडे बघून हळूच मान हलवली.  मग मितेश पुटपुटला, "म्हणजे जहाजावर नव्हते तर." आणि लढाईची तुतारी वाजली.

इकडे दाजींनी हात जोडले, घसा साफ केला आणि थांबले. टीचरांकडे वळून म्हणाले, "टीचर, दुखणा नेमका काय, ता सांगा."

"असंच... मोघम," टीचर म्हणाल्या.

"मोघम चालाचा नाय. देवाक नेमका सांगूक व्हया. गेल्या वर्साक बाबल्याच्या पाठीचा मोघम गाऱ्हाणा घातलंय, तर पाठ रवली तशीच आणि दाढ बरी झाली."

गाव कान टवकारून पुढे सरकलं. आठवडाभर ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता तो क्षण आला होता. टीचरांनी समोर बघितलं. समईच्या उजेडात रवळनाथ उभा होता, आणि तो काही लातूरचा डॉक्टर नव्हता की त्याला 'बैठा खेळ' म्हणून गुंडाळावं. कानात मदिहा ओरडत होती, "टीचर, काकी, जा कोण आसास तां, दोन गड गेले! तुमचो उघडो आसा!" उजवीकडे ओमकारांनी डोळे मिटून हात जोडले होते. टीचरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मग त्यांच्याने राहवलं नाही.

"दाजी," त्या म्हणाल्या, "माका दुखणा नाय. मी ठणठणीत आसंय. कुडाळात मोबाईलवरच्या लढाईची स्पर्धा आसा, ती आता सुरू झाली. मी सात ते साडेआठ वह्या तपासत नव्हतंय. मी खेळत होतंय." आणि त्यांनी जास्वंदी बाजूला सारून मोबाईल वर काढला.

 पहिल्या बोलल्या त्या सासूबाई. "म्हणजे तू मराची नाय?"

"नाय, आई."

"मगे बरा," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

ओमकार पायरीवर बसले. त्यांनी रुमाल काढला, तोंडावर धरला आणि त्यांचे खांदे हलू लागले. टीचर घाबरून वाकल्या, तर ते रडत नव्हते, म्हणजे थोडे रडत होते, पण बरंचसं हसत होते. "गो बाय माझे," ते म्हणाले, "आठ दिस माका जेवण गेला नाय. खेळ ना तू. कितीय खेळ. फक्त बरी रव." टीचरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. एवढं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं, आणि त्या हलकेपणात आपला गड जळतोय हेसुद्धा त्या क्षणभर विसरल्या.

पण शेवंतीकाकी विसरणाऱ्या नव्हत्या. हातचं दुखणं असं गेलेलं बघून त्या चिडल्याच होत्या. "पण सात वाजान गेले! नेम देवासमोर केललो! त्येचा काय?"

सगळ्यांनी दाजींकडे बघितलं. दाजींनी आजवर हरवलेल्या म्हशीपासून आखातातल्या व्हिसापर्यंत सगळं देवाच्या कानावर घातलं होतं. ते गोंधळणारे नव्हते. त्यांनी पुन्हा हात जोडले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकीन तुझ्या दारात उभ्या रवान खरा ता सांगितल्यान."

"व्हय म्हाराजा!"

"तिका दुखणा नाय, लढाई आसा. गावाची वेस राखणारो तू, तिचो तेवढो गड राख रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आणि सात ते साडेआठचो जो नेम, त्येका आजच्या दिसाची सूट दी रे म्हाराजा!"

यावर जो 'व्हय म्हाराजा' उठला, तसा माडवण्याच्या इतिहासात उठला नव्हता. कळसावरची पारवी उडाली. आणि ती परत बसायच्या आत खिशातून, कनवटीतून, पिशवीतून, पदराखालून सगळ्या गावाचे मोबाईल बाहेर आले. नेम पाळणारं गाव मोबाईल घरी ठेवून येत असेल, अशी टीचरांची आजवर समजूत होती. प्रत्येकाला कुडाळचा पडदा आपल्या मोबाईलवर थेट बघायचा होता. सगळ्यांनी एकदम बोट दाबलं, आणि टेकडीवरच्या मनोऱ्याने जीव सोडला.

टीचरांच्या हातातला सैनिक एक पाय उचलून तसाच थांबला. मध्ये एक चाक गरगरू लागलं. कानात मदिहाचा आवाज तुटत तुटत आला, "टीच... पाठचो ग... माझ्या बाबान..." आणि बंद झाला.

मग नम्रता टीचर वळल्या. चेहरा नववीच्या वर्गातला, आवाजही तिथलाच. "मोबाईल बंद! सगळ्यांचे! आत्ताच्या आत्ता!"

सगळे बंद झाले. शेवंतीकाकींचा बंद झाला, बंदरावरच्यांचे बंद झाले, दाजींनी सोवळ्यात खोचलेला आपलाही बंद केला. गाभाऱ्यातली समई तेवढी चालू राहिली. घंटा वाजवून महिनोन् महिने जे कधीच पुरतं झालं नव्हतं, ते त्या संध्याकाळी झालं. चाक थांबलं, सैनिकाने उचललेला पाय खाली ठेवला, आणि सबंध गाव एका मोबाईलवर वाकलं.

मदिहाच्या बाजूचे तीन गड गेले होते. मदिहाचा पडायला आला होता, आणि समोरच्यांचं उरलेलं सगळं सैन्य तांडेलाच्या गडाकडे निघालं होतं. मधे खाडी, आणि खाडीला ओहोटी. शत्रू वाळूवरून चालत येऊ लागला. कुडाळहून पंचांचा आवाज आला, "माडवण्याच्या खेळाडू, आपल्यामागे बराच आवाज आहे. प्रेक्षकांनी खेळाडूला सूचना देणं नियमात बसत नाही."

"ते देवाला सांगताहेत," टीचर शुद्ध भाषेत म्हणाल्या.

"त्याबद्दल नियमात काही नाही," पंच थोडा विचार करून म्हणाले.

टीचर गडावर गप्प बसून राहिल्या. मदिहा विनवत होती, "टीचर, मारा मा आता!" टीचरांनी लिहिलं, 'थांबा.' खेळातल्या खाडीला भरती येते हे सगळ्याच खेळाडूंना माहीत होतं, पण ती कधी येते इकडे घाईत कुणाचं लक्ष नसायचं. माडवण्याच्या माणसाचं नसेल कसं? मागच्या गर्दीतल्या एकूणएक माणसाला वाळूच्या कडेची ती ओली रेघ दिसली. सगळे तोंड दाबून उभे होते. शेवटी दाजींनाच राहवेना. त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटून ओरडले, "पाणी भराक लागला रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

टीचरांनी ते केव्हाच बघितलं होतं. त्यांनी लिहिलं, 'आता.' मदिहाने उरलेले चार घोडेस्वार मागून काढले, शत्रूची परतीची वाट अडवली, आणि पुढून तांडेलाने दरवाजा उघडला. मधे पाणी चढत गेलं. समोरच्यांना पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. बघता बघता त्यांचं सगळं सैन्य खाडीत गेलं आणि पडद्यावर फटाके उडाले. कुडाळच्या सभागृहातली पोरं काय झालं ते न कळताच 'व्हय म्हाराजा' म्हणून ओरडत होती.

कानात मदिहा रडत होती. "टीचर, बाबा हंयच आसत. ते काय म्हणतत म्हायत आसा? म्हणतत, जिच्या पाठी टीचर आसत, तिका माझी परवानगी कित्याक व्हयी?" टीचरांनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच संघाशी तोंडाने बोलल्या. "शाब्बास. आता मोबाईल ठेव आणि अभ्यासाला बस."

दुसऱ्या दिवशी रविवार. टीचरांना वाटलं होतं लोक तोंड फिरवतील, निदान शेवंतीकाकी तरी. पण त्या सकाळी उजाडताच हजर. "टीचरानू, तुमी ता धान्य सुरवातीकच डाव्या अंगाक ठेवक व्हया होता." जिल्हा जिंकल्यावर आता पुण्यात राज्याची फेरी होती; दाजी आले ते तिच्यासाठी गडाची दिशा बदलायला सांगत. बंदरावरचे चौघे भरतीबद्दल चार मतं घेऊन आले. ओमकारांना एक गड काढून हवा होता, आणि सासूबाईंनी आपला काढून घेतलाही होता. त्या वाटेल त्याच्यावर स्वारी करत सुटल्या होत्या आणि हरल्या की "नम्रता, हय ये गो" म्हणून हाका मारत होत्या. नववीची पोरं दारात रांग लावून उभी होती. आता लपायला काही नव्हतं, माळाही नव्हता, कारण माळ्यावर ओमकार सराव करत होते. दुपार झाली, ऊन उतरलं, तरी सल्ले संपेनात.

टीचर वारंवार घड्याळाकडे बघू लागल्या. सात वाजत आले तशा त्या उठल्या, पायांत चपला सरकवल्या आणि शाळेकडे जवळजवळ धावत सुटल्या. घंटेची दोरी धरली आणि रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ती ओढत राहिल्या.

परत आल्या तेव्हा गाव शांत झालं होतं. शेवंतीकाकी आपल्या ओटीवर, दाजी आपल्या. सासूबाईंनी नाइलाजाने गड सोडून तांदूळ निवडायला घेतले होते. टीचरांनी आपला मोबाईल तांदळाच्या डब्यात टाकला, वर झाकण घट्ट लावलं आणि नववीच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन पडवीत बसल्या. ओमकार चहा घेऊन आले आणि शेजारी टेकले.

"वह्या?" त्यांनी विचारलं.

"वह्या," टीचर म्हणाल्या. "खरोखरच्या."

चहा कालच्याइतकाच वाईट होता. टीचरांनी तो सगळा प्यायला. गावातलं सगळं नेटवर्क नेहमीप्रमाणे टीचरांच्या दारात येऊन उभं राहिलं, आणि कुणी विचारीना म्हणून साडेआठला परत गेलं.